छत्री म्होरं गेली

ज्या गावाला केव्हाही गेलं तरी चालतं, त्या गावाला माणूस कधीच जात नाही. काशीला माणूस जातो, कारण काशीला जायला फार कष्ट पडतात. सासुरवाडीला जातो, कारण न जाऊन सांगतो कुणाला. पण जे गाव जवळ आहे आणि जिथली हवा बारा महिने चांगली, तिथं जाणं ही मोठी जोखमीची गोष्ट. वाईट हवेच्या गावाला निदान एखादा बरा महिना असतो, तो धरून निघता येतं. चांगल्या हवेच्या गावानं हा आधारच काढून घेतलेला असतो.

पुणे हे असं गाव होतं.

चिखलीहून पहाटे गाडी जुंपली की न्याहारीला चिंचवडचं स्टेशन, आणि तिथून आगगाडी धरली की दुपारच्या भाकरीला पुणं. हवा अशी की ऊन पडतं पण लागत नाही, पाऊस येतो पण भिजवत नाही, आणि थंडी वाजते तीही विचारून वाजते. (ही माहिती पुण्याला न गेलेल्यांकडून मिळालेली असल्यामुळं तीत कुणाचा स्वार्थ नव्हता.) शिवाय तिथं विद्यापीठ निघून बारा-तेरा वर्षं झाली होती, आणि तेही गणेशखिंडीत, जुन्या लाटसाहेबाच्या बंगल्यात. म्हणजे हवेला विद्येचा वासही लागला होता.

तेव्हा अशा गावाला जावं कोणत्या ऋतूत?

या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी चिखलीच्या चावडीच्या ओट्यावर रोज दिवेलागणीला एक मंडळी बसे. तिला नाव नव्हतं, काम होतं. (नाव आहे आणि काम नाही अशा मंडळ्या पुढं तालुक्याला पुष्कळ निघाल्या.) मंडळीतले शंभरातले नव्वद लोक पुण्याला जाण्याच्या बाजूचे होते. उरलेले दहा जाऊन आलेले होते. त्यांना बोलू देत नसत, कारण एकदाच जाऊन आलेल्या माणसाला एकाच ऋतूची माहिती, आणि त्याचं मत एकांगी.

मंडळीचे म्होरके उद्धवराव. पुण्याच्या हवेवर इतकं खोल बोलणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता. ते स्वतः पुण्याला कधी गेले नव्हते, म्हणून त्यांची मतं निर्मळ राहिली होती.

पावसाळ्याच्या बाजूनं मारुतराव होते. ते तरुणपणी लाटसाहेबाच्या बागेत तिन्ही ऋतू माळी होते, म्हणून त्यांना बोलायची मुभा होती. त्यांचं म्हणणं, साहेब मुंबई सोडून पावसाळ्यातच गणेशखिंडीला यायचा, आणि ज्यानं सात समुद्र ओलांडले त्याला हवा कळत नसेल का. यावर उद्धवराव म्हणाले की साहेबाला पेरणी नव्हती. पावसाळा तहकूब झाला. हिवाळ्याची हवा उत्तम, पण इतकी उत्तम की गेलेला माणूस परत यायचं विसरतो. वरच्या आळीचा एक गडी कार्तिकात खडकीला गेला तो कारखान्यातच चिकटला, आता त्याची पोरं बापाच्या गावाला आजोळ म्हणतात. हिवाळा धोक्याचा ठरला. उन्हाळ्यात आंबा असतो, सावली असते, कामं नसतात. उन्हाळ्याविरुद्ध काहीच निघेना. ज्याच्याविरुद्ध काही निघत नाही त्यात काहीतरी काळंबेरं असतंच, सबब उन्हाळ्यावर नजर ठेवावी असं सर्वानुमते ठरलं.

तिन्ही ऋतू सारखेच चांगले असताना एकाची निवड करणं हा बाकीच्या दोघांवर अन्याय होता, आणि चिखलीत अन्याय होत नसे.

आता उद्धवरावांचं पुण्यात काम काय, असं कुणी विचारील. त्यांची लेक तिथं होती.

चिखलीची शाळा चौथीला संपली, पण सुमनचं डोकं काही चौथीला संपेना. तेव्हा तिच्या आईनं, अंबूबाईंनी, तिला खडकीला आपल्या भावाकडं, रंगरावांकडं शिकायला ठेवली. उद्धवराव चिंचवडच्या स्टेशनापर्यंत पोचवायला गेले होते. गाडीनं शिट्टी दिली, तशी पोरगी खिडकीतून म्हणाली, "आबा, तुमी कवा येनार?"

"हवा बघून येतो," उद्धवराव म्हणाले.

ते बारा वर्षं हवा बघत होते. पोरगी दिवाळीला यायची, मे महिन्यात यायची, जाताना तेच विचारायची, आणि बाप तेच सांगायचा. तेवढ्यात तिनं शाळा ओलांडली, कॉलेज ओलांडलं. बापानं चावडीची पायरी ओलांडली नाही.

कारण विचाराल तर हवा हे कारण नव्हतंच. एकदा शेताच्या बांधावर, आसपास कुणी नाही असं बघून, उद्धवरावांनी मारुतरावांना विचारलं होतं, "मारुतराव, त्या बंगल्यात जोडे कुठं काढत्यात वो?"

मारुतरावांनी डोकं खाजवलं. "आमी आपलं बागंत. बागंत काय काढायचं? अन् सायबाचं बूट म्हनाल, तर ते आतबी पायातच."

या उत्तरानं उद्धवरावांची झोप उडाली. देवळात उंबऱ्याबाहेर काढतात, कचेरीत दाराबाहेर, सावकाराकडं पायरीखाली. पण विद्येच्या घरी? काढावेत तर बुटवाले हसणार, न काढावेत तर सरस्वती रुसणार, आणि दोहोंतून काहीही झालं तरी लोक मान वळवून विचारणार, हा कुणाचा बाप? आणि तिथं एकच पोरगी मान खाली घालणार. हा प्रश्न त्यांनी मंडळीपुढं कधी आणला नाही. मंडळीपुढं हवाच येत राहिली.

इथं प्रस्थानाची चाल सांगितली पाहिजे. निघायचा दिवस चांगला आहे पण माणसाला सवड नाही, असं झालं तर त्यानं आपली एखादी रोजच्या वापरातली वस्तू त्या दिवशी गावाबाहेर दुसऱ्याच्या दारी नेऊन ठेवावी. वस्तू निघाली की प्रवास सुरू झाला, माणूस मागाहून सवडीनं. आपल्या वाडवडिलांनी लावलेला हा शोध आगगाडीपेक्षा मोठा मानला पाहिजे, कारण आगगाडीत माणसाला स्वतः बसावं लागतं. नियम एकच कडक: ठेवलेलं प्रस्थान माघारी घरी आणायचं नाही. आणलं तर प्रवास मोडला. मारुतीच्या देवळाचे पुजारी चिमाजी यांना हे शास्त्र तोंडपाठ होतं, आणि विसरलेला भाग ते जागच्या जागी रचत.

उद्धवरावांनी एका आषाढात छत्रीचं प्रस्थान ठेवलं. चिंचवडच्या स्टेशनासमोर कादरचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, तिथं. थंडी आली तेव्हा छत्री उपयोगाची नाही म्हणून घोंगडं ठेवलं. चैत्रात उपरणं. पुढच्या साली, नुसत्या उपरण्यानं माणसाची ओळख पटत नाही म्हणून, पागोटं. आणि शेवटी एका संक्रांतीला त्यांनी मनाचा हिय्या करून जोडे धाडले. जोडे गेले त्या दिवशी त्यांना बऱ्याच वर्षांनी गाढ झोप लागली. ज्याला जोडेच नाहीत त्यानं ते कुठं काढायचे, हा प्रश्न त्याला कुणी विचारू शकत नाही.

बघता बघता चाल गावाला लागली. कुणी काठी ठेवली, कुणी अडकित्ता, कुणी तंबाखूची चंची. त्या सालच्या मोजदादीत चिखलीची बावीस माणसं पुण्याच्या वाटेवर होती. बावीसही ओट्यावर हजर होती.

कादरच्या दुकानात सायकलींना जागा उरेना. "उद्धवराव," तो एकदा म्हणाला, "तुमचा परवास लई जागा खातो बघा."

अंबूबाई मंडळीत बसत नसत. त्या पहाटे जात्यावर बसत, आणि जात्याला चावडीचं सगळं कळत असे.

*पागोटं गेलं म्होरं, जोडा गेला पाठोपाठ*
*धनी माझे उंबऱ्यात, पुसती पुन्याची वाट*

उद्धवराव अंथरुणात हे ऐकत आणि कूस बदलत. ओवीला उत्तर देण्याची सोय शास्त्रात नाही.

मग एका जेठात कादर सायकल हाणत चिखलीला आला आणि ओट्यापाशी उतरून म्हणाला, "छत्री म्होरं गेली."

"कुठं?"

"पुन्याला."

"कुनासंगं?"

कादरनं सायकलीच्या पंपाकडं बघितलं. "जानाऱ्या मानसासंगं," तो म्हणाला.

हे उत्तर मंडळीला पुरेसं वाटलं. गावची छत्री पुण्याला पोचली होती, आणि तीही पाऊस तोंडावर असताना, म्हणजे तिला ऋतू कळत होता. दिवाळीनंतर घोंगडं म्होरं गेलं. पुढच्या मे महिन्याच्या सरतीला उपरणं गेलं. मग पागोटं. सुट्टी संपली की काही ना काही जातंच, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ओट्यावरचे लोक आभाळाकडं बघणारे होते, सुट्टीकडं बघणारे नव्हते.

उद्धवरावांच्या बोलण्याला तर आता धार आली. "छत्रीच्या अनुभवावरनं सांगतो," असं ते सुरू करत आणि समोरचा गप्प होई. अंबूबाईंनी जातं ओढलं.

*माझ्या धन्याची छत्री बाई पुन्यात जाऊन न्हाली*
*पाऊस पुसतो तिला, तुझ्या खालचा कुठं राह्यला गं बाई*

(शेवटच्या ओळीत यमक मोडतं. ते राग आल्यामुळं मोडलेलं आहे.)

दिवाळीनंतर जोडेही म्होरं गेले, आणि शास्त्रापुढं एक अवघड प्रसंग उभा राहिला. डोक्याचं पागोटं पुण्यात, पायाचे जोडे पुण्यात. मग मधला माणूस कुठं? चिमाजींनी तीन दिवस विचार केला आणि निकाल दिला: ज्याचं प्रस्थान मुक्कामाला पोचलं तो पोचला. सबब उद्धवराव पुण्यास पोचले असून विद्यापीठाच्या गावी प्रस्थानानं पोचणारे ते चिखलीचे पहिले मानकरी होत.

नारळ देऊन सत्कार झाला. उद्धवरावांनी पुण्याच्या प्रवासाचं सविस्तर वर्णन केलं. ते ऐकताना लोकांना धूळ उडाल्यासारखी वाटली, एक-दोघांना तर गाडी लागली. बायकांनी अंबूबाईंना नाव घ्यायला लावलं. त्यांनी पदर सारखा केला आणि घेतलं:

"चिंचवडच्या ठेसनावर उभी राह्यली गाडी,
छत्री बसली डब्यात, अन् उद्धवराव राखत्यात वाडी."

बायका हसल्या. पुरुषांनी हे कौतुक समजून माना डोलावल्या.

सत्काराचा नारळ अजून फोडायचा होता, तोवर थंडीत कादर पुन्हा आला. या खेपेला तो ओट्यावर थांबला नाही, थेट दारात आला.

"वहिनी, सुमनताईंचा निरोप हाय. त्या बी.ए. झाल्या. येत्या आयतवारी विद्यापीठात पदवी देनार हाईत. त्यांनी दोन खुर्च्या धरल्यात. एक तुमची, एक आबांची."

उद्धवराव खांबाला टेकले होते. खांब होता म्हणून बरं.

"अन् म्हनल्या," कादर उद्धवरावांकडं बघत म्हणाला, "आबांची हवा जमली न्हाई तर आईनं त्या खुर्चीवर दुसऱ्या कुनाला पिशवी ठेवू द्यायची न्हाई. हात ठिवून बसायचं."

अंबूबाई सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सुपातले खडे वेचायचे सोडून तांदूळच वेचून टाकायला सुरुवात केली.

"आता कसं जमायचं?" उद्धवराव म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं आणि दुःखाच्या पाठीमागं सुटका होती. "मी पुन्यात पोचल्याला हाय. चिमाजीचा निकाल हाय. पोचल्याला मानूस पुन्यांदा कसा जाईल? शास्तर हाय हे, अंबू."

"व्हय की," अंबूबाई म्हणाल्या. "मग माघारी कवा येनार?"

"आं?"

"पुन्याला गेलाय न्हवं? सत्कार झाला, नारळ घिटला. गेल्याला मानूस माघारी येतू का न्हाई? का त्या वरच्या आळीच्या गड्यावानी तिकडंच चिकटनार?"

ओट्यावरची मंडळी आतापर्यंत दारात जमली होती. चिमाजींना पुढं करण्यात आलं.

"पुजारीबुवा," अंबूबाई म्हणाल्या, "माघारी यायला मुहूर्त बघत्यात का वो?"

"न्हाई," चिमाजी म्हणाले. "घराकडं यायला मुहूर्त लागत न्हाई."

"हवा बघत्यात का?"

"घरची हवा काय बघायची, अंबूबाई."

"मग यांची छत्री, घोंगडं, उपरनं, पागोटं, जोडा, समदं पुन्यात. ते घिऊन माघारी यायला कुनीतरी हितनं जायाला पायजे. का छत्री हात धरून आननार यास्नी?"

चिमाजींनी शास्त्र उलटंसुलटं करून बघितलं. त्यात भोक नव्हतं. उद्धवराव पुण्याला जाऊ शकत नव्हते, हे खरं. पण पुण्याहून परत येणं त्यांना भागच होतं, आणि परत येण्यासाठी आधी गाडी जुंपून पुण्याला जावं लागत होतं. मंडळीनं या परतीच्या प्रवासाला बहुमतानं मंजुरी दिली. उद्धवरावांचं एक मत विरुद्ध पडलं.

आयतवारी पहाटे ते निघाले. पायात काही नाही, डोईला अंगपुसणं गुंडाळलेलं. चिंचवडला कादरनं तिकिटं काढून ठेवली होती. "चला," तो म्हणाला, "मी बी संगं येतो. तुमच्या सामानाची मला सवय हाय." गाडीत उद्धवराव खिडकीशी बसले होते, पण हवा त्यांनी बघितली नाही. ते लोकांच्या पायांकडं बघत होते.

गणेशखिंडीतला तो बंगला म्हणजे दगडाचा डोंगर, वर मनोरा. मोठमोठे लोक बुटांसकट आत चालले होते. उद्धवराव फाटकाशी थांबले. काढायला काही नव्हतं, म्हणून पुढं जायला निमित्तही नव्हतं.

"तुमी व्हा म्होरं," ते म्हणाले. "मी हितंच सावलीला बसतो. माझं काय, मी पोचल्यालाच हाय."

अंबूबाईंनी त्यांचा हात धरला नाही, भर रस्त्यात तसं करण्याची रीत नव्हती. त्यांनी नुसतं अंगपुसण्याचं टोक धरलं.

तेवढ्यात पायऱ्या उतरून एक काळं घोंगडं पळत आलं. आपलं घोंगडं पोरीनं अंगावर घेतलंय, असं उद्धवरावांना वाटलं, पण तो पदवीचा झगा होता. काखेत छत्री होती, खांद्यावर उपरणं, एका हातात पागोटं. दुसऱ्या हातात जोडे होते, तेल देऊन लोण्यासारखे मऊ केलेले. दर सुट्टीनंतर स्टेशनावरून जाताना तिनं एकेक वस्तू उचलली होती, आणि मामाच्या खोलीत बापाला थोडा थोडा करून आणून ठेवला होता. घोंगडं तेवढं मामाच्या खाटेवर होतं.

बारा वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न उद्धवरावांच्या तोंडून बाहेर पडला. "सुमे, हितं जोडे कुठं काढायचे गं?"

सुमन काळ्या झग्यासकट खाली बसली आणि तिनं जोडे त्यांच्या पायांपुढं ठेवले.

"हितं काढायचे नसत्यात, आबा. घालायचे असत्यात."

आत दोन खुर्च्या होत्या. छत्री अनुभवी असल्यामुळं खाली बसली. इंग्रजीत काहीबाही चाललं होतं. त्यात मध्येच 'सुमन' आलं, आणि तिच्या पाठीला लागून 'उद्धव' आलं. चावडीवर आपलं नाव पुकारल्यावर करायचं ते उद्धवरावांनी केलं. ते उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हजर."

सगळा दिवाणखाना हसला. ज्या हसण्याला भिऊन त्यांनी बारा वर्षं आभाळाकडं बघत काढली, ते हे हसणं. ते आलं आणि गेलं. वर उभी असलेली पोरगीही हसली, आणि तिनं मान खाली घातली नाही.

दुसऱ्या दिवशी ते सामानासकट घरी परतले. प्रवास कुठंही मोडला नव्हता. संध्याकाळी ओट्यावर मुंगीला जागा नव्हती. मारुतराव घसा खाकरून म्हणाले, "मग, उद्धवराव? हवा कशी हुती?"

उद्धवरावांनी पायातल्या जोड्यांकडं बघितलं. "बघायची राह्यली राव," ते म्हणाले.

मंडळीत निराशा पसरली. इतक्या वर्षांत गावानं धाडलेला हा पहिला साक्षीदार. शेवटी अंबूबाईंना विचारण्यात आलं.

"मला घाम फुटला हुता," त्या म्हणाल्या. "यास्नी कापरं भरलं हुतं. अन् पोरीच्या डोळ्याला धार. तिन्ही रुतू एकदमच हुते, काय सांगू."

मंडळीनं याची नोंद घेतली. ज्या दिवशी ऊन, थंडी आणि पाऊस एकाच वेळी असेल तो पुण्याला जायला उत्तम, असा ठराव झाला, आणि तसा दिवस उगवेपर्यंत बाकीच्या एकवीस जणांनी थांबावं असं ठरलं. ते थांबलेले आहेत. त्यांच्या काठ्या आणि चंच्या कादरच्या दुकानात आहेत, त्याची काही तक्रार नाही.

तेव्हा वाचकहो, तुम्हीही घाई करू नका. हा ऋतू जरा सरू द्या. तुम्ही ज्यांना 'येतोच' म्हणून कळवलं आहे त्यांच्याकडं तुमची एखादी विसरलेली छत्री असेलच, म्हणजे शास्त्राप्रमाणं तुम्ही पोचलेलेच आहात. त्यांनी तुमच्या खुर्चीवर हात ठेवलेला आहे. हात दुखतो तो त्यांचा, आणि इथं बसल्या जागी हवा तर काय, फारच छान आहे.